खोली आपली, कागद दुसऱ्याचा

२०२४ साली अमेरिकेतील मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीवर चार भागांची माहितीपट-मालिका आली, आणि सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतावर प्रेम करणाऱ्यांमध्ये एक जुना वाद पुन्हा पेटला. १९७५ साली बंद पडलेल्या स्टॅक्सला कोणी मारले? एका बाजूचे म्हणणे असे, की मोठ्या कंपन्यांनी आणि गोऱ्या बँकवाल्यांनी संगनमताने तिचा गळा घोटला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की कंपनी स्वतःच्या उधळपट्टीने आणि ढिसाळ कारभाराने बुडाली, आणि पराभवाला कटाचे नाव देणे हा केवळ सांत्वनाचा मार्ग आहे. या दोघांच्या मध्ये एक हळवा पक्षही आहे. त्याच्या मते स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंगच्या विमान अपघाताने आणि मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येने त्या जागेतील जादूच संपली, पुढचे सारे उताराला लागणेच होते. हे तिन्ही पक्ष मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि तिघांकडेही खरे पुरावे आहेत, हे मान्य करतो. तरीही हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे ठाम मत आहे. तिघेही १९७५ सालच्या मृतदेहाभोवती उभे राहून खुनी शोधत आहेत. स्टॅक्सचे भवितव्य त्याच्या दहा वर्षे आधी, १९६५ साली, एका न वाचलेल्या कागदावर ठरले होते. संगीत कसे असावे हे ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य त्या कंपनीकडे होते. परंतु ते संगीत लोकांपर्यंत नेण्याचा रस्ता तिच्या ताब्यात कधीच नव्हता, आणि निर्माण झालेल्या संगीताची मालकी तिने नकळत लिहून दिली होती. ज्याला आपण ‘स्वतंत्र’ रेकॉर्ड कंपनी म्हणतो तिचे स्वातंत्र्य नेमके कुठे असते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो स्टॅक्सपुरता नाही.

आधी स्टॅक्सच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीविषयी बोलले पाहिजे, कारण तिचे मोल ओळखल्याशिवाय पुढे काय गेले हे कळणार नाही. जिम स्टुअर्ट हा मेम्फिसमधील एका बँकेत नोकरी करणारा आणि हौसेने कंट्री संगीतात फिडल वाजवणारा गोरा तरुण. १९५७ साली त्याने सॅटेलाइट नावाने ध्वनिमुद्रणाचा छोटा उद्योग सुरू केला. चांगले यंत्र घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने आपले घर गहाण ठेवले आणि त्या पैशातून अँपेक्स टेपरेकॉर्डर आला. १९६० साली या भावंडांनी मेम्फिसच्या ईस्ट मॅकलमोर ॲव्हेन्यूवरील कॅपिटॉल नावाचे बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले. प्रेक्षकांच्या खुर्च्या काढल्या, पण खुर्च्यांखालची उतरती जमीन सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. उतरती जमीन, उंच छत आणि पडदे टांगून कसाबसा आवरलेला आवाज यांमुळे त्या खोलीचा नाद इतर कुठल्याही स्टुडिओपेक्षा वेगळा झाला. ड्रम खोल आणि कोरडे वाजत, आणि तालाचा ठोका किंचित मागे रेलून पडल्यासारखा वाटे. पुढे जगभरच्या वादकांनी ज्याची नक्कल केली ते स्टॅक्सचे वजन अर्धे ड्रमवादक अल जॅक्सनच्या हातात होते आणि अर्धे त्या न दुरुस्त केलेल्या जमिनीत. कॅलिफोर्नियात सॅटेलाइट नावाची दुसरी कंपनी आहे हे कळल्यावर १९६१ साली नाव बदलावे लागले. स्टुअर्टचे ‘स्ट’ आणि ॲक्स्टनचे ‘ॲक्स’ जोडून स्टॅक्स झाले.

चित्रपटगृहात जिथे पूर्वी खाण्याचे पदार्थ विकत, त्या जागी एस्टेलने तबकड्यांचे दुकान थाटले. या दुकानाला इतिहासात दुय्यम जागा दिली जाते. माझ्या मते ते त्या उद्योगाचे हृदय होते. वस्ती बव्हंशी कृष्णवर्णीयांची होती. शाळा सुटल्यावर मुले तिथे येत, तासन्‌तास तबकड्या ऐकत, आणि कुठले गाणे ऐकून त्यांचे पाय हलतात हे एस्टेल शांतपणे पाहत असे. स्टुडिओत नुकतेच मुद्रित झालेले गाणे ती दुकानात वाजवी आणि गिऱ्हाइकांचे चेहरे वाचून आत निरोप देई. त्या दुकानात येणाऱ्या मुलांपैकी एक होता बुकर टी. जोन्स. १९६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, दुसऱ्या एका गायकाचे मुद्रण आटोपल्यावर सहज चाललेल्या वादनातून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ‘ग्रीन अनियन्स’ ही धून जन्माला घातली. ऑर्गनवर बुकर आणि ड्रमवर अल जॅक्सन हे दोघे कृष्णवर्णीय. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर गोरा. बेसवर आधी ल्युई स्टाइनबर्ग आणि पुढे गोरा डोनाल्ड डन. ज्या शहरात हे चौघे एका हॉटेलात शेजारी बसून जेवू शकत नव्हते, त्या शहरात ते एका खोलीत रोज एकत्र संगीत रचत होते, आणि कोणी स्वरलिपी लिहून देत नव्हते. एकमेकांचे ऐकूनच रचना उभी राहत होती. त्याच वर्षी जॉर्जियातील मेकनहून आलेल्या एका वादकाला गाडीतून घेऊन आलेला एक तरुण दिवसाच्या शेवटी म्हणाला, मलाही एक गाणे म्हणू द्या. तो ओटिस रेडिंग होता.

एवढे सगळे सांगितल्यावर भाबडेपणाचा आरोप माझ्यावर येईल आणि तो मी आधीच हाताळतो. स्टॅक्समधील वर्णभेदविरहित सलोखा ही नंतर रचलेली गोड कथा आहे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. खोलीत समता होती, पण मालकी दोन गोऱ्या भावंडांकडे होती. गाणारे आणि वाजवणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या ज्या लॉरेन मोटेलमध्ये झाली, त्याच मोटेलमध्ये स्टॅक्सचे कलावंत उतरत आणि गाणी लिहीत. शहरातील सफाई कामगारांच्या संपासाठी आलेल्या नेत्याचा तिथे खून झाल्यावर त्या खोलीतले वातावरण पूर्वीसारखे राहिले नाही. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? आक्षेप घेणारे म्हणतात, म्हणून ती एकी खोटी होती. मला वाटते निष्कर्ष वेगळा आहे. एकी खरी होती, पण ती फक्त खोलीपुरती खरी होती, कारण तिला कागदावर कुठेही आधार नव्हता. जी गोष्ट माणसांच्या चांगुलपणावर चालते आणि मालकीच्या दस्तऐवजात जिची नोंद नसते, ती पहिल्या मोठ्या धक्क्याला टिकेल अशी अपेक्षा कोणी आणि का करावी?

आता त्या कागदाकडे येऊ. १९६० साली रूफस थॉमस आणि त्यांची मुलगी कार्ला यांचे एक युगुलगीत मेम्फिसच्या परिसरात चांगले खपू लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे जेरी वेक्सलर यांचे लक्ष तिकडे गेले. पुढची काही वर्षे स्टॅक्सचा माल अटलांटिकमार्फत देशभर जात राहिला आणि हा व्यवहार मुख्यतः विश्वासावर, तोंडी बोलण्यावर चालला. १९६५ साली लेखी करार झाला. या कराराची सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की तो करताना स्टुअर्ट सावध नव्हता असे म्हणता येत नाही. अटलांटिक कधी विकली गेली आणि वेक्सलर तिथून गेले तर आपल्याला करार मोडता यावा, असे कलम त्याने आग्रहाने घालून घेतले. म्हणजे ज्या माणसावर त्याचा विश्वास होता तो माणूस निघून जाण्याचा धोका त्याने ओळखला होता. पण त्याच कागदात अटलांटिकच्या वकिलांनी दुसरे एक कलम घातले होते. त्यानुसार अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांच्या मूळ टेप, म्हणजे मास्टर, अटलांटिकच्या मालकीच्या होत होत्या. ते कलम स्टुअर्टने वाचले नाही. वेक्सलर यांनीही पुढे, हे कलम आपल्याला ठाऊक नव्हते, असे सांगितले.

१९६७ साली अटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्स या मनोरंजन कंपनीला १ कोटी ७५ लाख डॉलरना विकली गेली. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मोनोना सरोवरात विमान कोसळून ओटिस रेडिंग वयाच्या २६व्या वर्षी गेला आणि त्याच्याबरोबर बार-केज या तरुण वाद्यवृंदातील चौघे गेले. अपघाताच्या काही दिवस आधी मुद्रित झालेले त्याचे गाणे जानेवारी १९६८मध्ये बाहेर आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेलेले ते तिथले पहिले गाणे. वसंतात स्टुअर्टने नव्या मालकांशी वाटाघाटी सुरू केल्या, प्रस्ताव पटला नाही, म्हणून त्याने वेगळे व्हायचे ठरवले, आणि तेव्हा त्याला कळले की वेगळे होताना आपल्या हाती काहीच राहणार नाही. १९६० पासून त्या उतरत्या जमिनीवर मुद्रित होऊन अटलांटिकने बाजारात नेलेले सगळे अटलांटिकचे होते. सॅम अँड डेव्ह ही गायकांची जोडी तर मुळातच अटलांटिकने वापरायला दिलेली होती; तीही परत गेली. मे १९६८मध्ये स्टॅक्स ही नाव, इमारत आणि माणसे असलेली, पण भूतकाळ नसलेली कंपनी झाली.

इथे दुसऱ्या पक्षाचा सर्वांत मजबूत युक्तिवाद येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सज्ञान माणसाने सही केली आहे. तोही बँकेत नोकरी केलेल्या माणसाने. न वाचता सही करणे ही त्याची चूक, मग अटलांटिकला दोष का? करार म्हणजे करार. कायद्याच्या दृष्टीने हे खरे आहे, आणि स्टुअर्टला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. बहिणीचे घर ज्या धंद्यात गहाण पडले होते त्या धंद्याचा कागद वाचणे हे त्याचे कर्तव्य होते. पण कायद्याची बाजू इथे संपते आणि न्यायाची सुरू होते. समजा त्याने ते कलम वाचले असते आणि नकार दिला असता, तर देशभरातल्या दुकानांत त्याचा माल कोणी नेला असता? मेम्फिसच्या एका वस्तीत ज्याचा स्टुडिओ आहे, ज्याच्याकडे न विक्रेत्यांचे जाळे आहे न रेडिओवर वजन, त्याने ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय असती?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मेम्फिसच्या बाहेर जाण्याची गरज नाही. हे शहर उभेच राहिले कापसाच्या बाजारावर. दक्षिणेला पसरलेल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातील कापूस इथे येऊन विकला जाई. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, पण जमीन मिळाली नाही, म्हणून मुक्त झालेली माणसे बटाईने शेती करू लागली. बी-बियाणे, अवजारे, वर्षभराचे किराणा सामान जमीनमालकाच्या दुकानातून उधार मिळे, कापूस मालक विकी, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबाची वही मालकच उघडे. शेतात किती कापूस पिकला हे कसणाऱ्याला माहीत असे. तो कितीला विकला गेला आणि उधारी किती फिटली हे वहीत लिहिले असेल तेच खरे. स्टॅक्ससाठी गाणाऱ्या स्टेपल सिंगर्सचे पॉप्स स्टेपल्स मिसिसिपीतील डॉकरी मळ्यावर वाढले होते. स्टॅक्सचा गायक-गीतकार आयझॅक हेज मेम्फिसजवळच्या कोव्हिंग्टनमध्ये जन्मला आणि लहानपणी त्याने कापूस वेचला. स्टॅक्सच्या खोलीत आलेल्या कितीतरी माणसांच्या घरी त्या वहीची आठवण ताजी होती. स्टुअर्ट हा कूळ नव्हता हे मी जाणतो, आणि त्याचे दुःख त्या शेतकऱ्यांच्या दुःखाशी समान मानणे अन्याय्य होईल. मी वहीची तुलना करतो आहे. पिकवणारा एक आणि बाजारात नेणारा दुसरा असेल, आणि हिशेबाची वही बाजारात नेणाऱ्याकडे असेल, तर पिकवणाऱ्याच्या अंगी कितीही कसब असले तरी शेवटी त्याच्याकडे काय उरेल हे वहीवाला ठरवतो. करारावरील सही ही त्या वहीची आधुनिक आवृत्ती होती.

उधळपट्टीचा आरोप मुख्यतः अल बेल यांच्यावर येतो. हे पूर्वाश्रमीचे रेडिओ निवेदक १९६५ साली स्टॅक्समध्ये मालाच्या प्रसारासाठी आले आणि पुढे मालक झाले. १९६९ साली त्यांनी एका झपाट्यात २७ अल्बम बाजारात आणले. धंद्याच्या कुठल्याही शहाण्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण हे का करावे लागले, हा प्रश्न टीकाकार क्वचितच विचारतात. रेकॉर्ड कंपनीचे पोट जुन्या गाण्यांवर भरते. नवे गाणे चालेल की नाही हा जुगार असतो. दहांतली आठ-नऊ पडतात. कंपनी तग धरते ती दहा वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या सावकाश, अखंड विक्रीवर. ज्या कंपनीचे सगळे जुने काढून घेतले आहे तिला एका वर्षात नवा भूतकाळ तयार करावा लागतो. बेल नेमके तेच करत होते. आणि त्या २७ मधूनच आयझॅक हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’ निघाला. त्यात फक्त चार गाणी होती आणि एक तर अठरा मिनिटांहून लांब. रेडिओवर तीन मिनिटांचे गाणे वाजवण्याच्या काळात असे काही खपेल हे कोणी मानले नसते. तो दहा लाखांहून अधिक खपला आणि सोल संगीताचा अल्बम ही स्वतंत्र, सलग ऐकण्याची कलाकृती असू शकते हे सिद्ध झाले. १९७२ साली हेजला एका चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी २० ऑगस्टला लॉस एंजलिसच्या कोलिसियम मैदानात स्टॅक्सने तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतल्या रहिवाशांसाठी दिवसभराची मैफल भरवली. तिकीट एक डॉलर, आणि माणसे एक लाखाहून अधिक. सात वर्षांपूर्वी त्या वस्तीत दंगल पेटली होती. ज्या कंपनीचे चार वर्षांपूर्वी सर्वस्व गेले होते तिने हे करून दाखवले, याला केवळ उधळपट्टी म्हणणारा माणूस जमाखर्चाचे एकच पान वाचतो आहे.

तरीही एक गोष्ट मी मान्य करतो आणि ती मनापासून मान्य करतो. पुढच्या वर्षांतील सगळा खर्च या नाइलाजातून आला नव्हता. पैशाचा हिशेब सैल झाला, नोकरवर्ग फुगला, आणि १९७२ साली कंपनीशी जोडलेल्या एका माणसाकडे विमानतळावर एक लाखाहून अधिक डॉलर रोख सापडल्यावर सरकारी चौकश्या सुरू झाल्या. बेल यांचे कौतुक करणाऱ्यांनी हे झाकण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच, की अशा चुकांची शिक्षा कोणाला किती होते. स्वतःचा जुना संग्रह आणि स्वतःचे वितरण हाताशी असलेल्या कंपन्यांनी त्याच दशकात याहून मोठ्या चुका पचवल्या. ज्याच्याजवळ साठा असतो त्याची चूक तोटा ठरते; ज्याच्याजवळ नसतो त्याची चूक मरण ठरते.

वितरणाचा दुसरा धडा सीबीएसकडून मिळाला. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये बेल यांनी या बलाढ्य कंपनीशी करार केला आणि सीबीएसच्या पैशातून स्टुअर्टचा हिस्सा विकत घेतला. सोल संगीताच्या बाजारात आपण मागे का, हे जाणण्यासाठी सीबीएसने त्याच वर्षी हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाकडून अभ्यासही करून घेतला होता. हा करार सीबीएसच्या रेकॉर्ड विभागाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांच्या शब्दावर उभा होता, आणि मे १९७३मध्ये डेव्हिस यांना कंपनीने काढून टाकले. पुन्हा तेच: एका माणसावर टेकलेला करार, आणि तो माणूस जाताच उघडा पडलेला कागद. सीबीएसची यंत्रणा मोठ्या साखळी-दुकानांसाठी बनलेली होती. स्टॅक्सचे गिऱ्हाईक मात्र एस्टेलच्या दुकानासारख्या वस्तीतल्या छोट्या दुकानांतून तबकडी घेणारे होते. तबकड्या गोदामात पडून राहिल्या, वस्तीतली दुकाने रिकामी राहिली आणि देणे असलेली रक्कम सीबीएसने अडवून धरली. याला कट म्हणायचे का? मला वाटते, कट असेल तर तो सिद्ध करण्याची धडपड हीच या वादातली पहिल्या पक्षाची चूक आहे, कारण कट सिद्ध न झाल्यास जणू अन्यायही झाला नाही असे ठरते. मोठ्या वितरकाला छोट्या कंपनीला मारण्याचा हेतू लागत नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे असणे पुरेसे असते. आणि ज्या कंपनीकडे दुसरा रस्ताच नाही तिच्यासाठी दुर्लक्ष आणि गळा दाबणे यांत फरक फक्त वेळेचा असतो.

शेवट बँकेच्या हाती झाला. मेम्फिसची युनियन प्लँटर्स बँक स्वतःच अडचणीत होती आणि तिने कर्जे वसूल करायला सुरुवात केली. बेल यांच्यावर बँकेच्या फसवणुकीचा खटला झाला. १९७६ साली ते निर्दोष सुटले, पण तोवर सोडवण्यासारखे काही उरले नव्हते. १९ डिसेंबर १९७५ रोजी कंपनी सक्तीने दिवाळखोरीत काढली गेली आणि मॅकलमोर ॲव्हेन्यूवरील दारे बंद झाली. हिस्सा विकून सुखाने बाजूला होऊ शकला असता तो जिम स्टुअर्ट शेवटच्या काळात परत आला, आपली वैयक्तिक संपत्ती कंपनीसाठी पणाला लावली आणि घरासकट ती गमावली. ज्या गोऱ्या मालकाकडे टीकाकार संशयाने पाहतात त्याने शेवटी हे केले, हे विसरू नये. आयझॅक हेज १९७६ साली दिवाळखोर झाला आणि त्यात त्याच्या गाण्यांवरचे हक्कही गेले. कापूस वेचणाऱ्या मुलाने लिहिलेली गाणी धनकोंच्या यादीतली एक ओळ झाली.

मग यावर उपाय एवढाच, की मालक आपल्यातला असावा? असे म्हणणारे डेट्रॉइटच्या मोटाउनकडे बोट दाखवतात. कृष्णवर्णीय उद्योजक बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली घरच्या माणसांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ती कंपनी काढली. गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क स्वतःच्या कंपनीत ठेवले, मास्टर स्वतःकडे ठेवले आणि १९८८ साली कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरना विकली. हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे असे वाटेल, आणि अर्धे आहेही: गॉर्डी यांनी वही स्वतःजवळ ठेवली म्हणून ते टिकले. पण मोटाउनच्या जवळपास प्रत्येक गाण्यामागे वाजवणाऱ्या वादकांची नावे कित्येक वर्षे आवरणावर छापलीच गेली नाहीत. १९७२ साली कंपनी लॉस एंजलिसला गेली तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांना आपला काळ संपल्याचे कळले, आणि डेट्रॉइट मागे राहिले. म्हणजे मालकी एका कर्तबगार माणसाच्या मुठीत असली की कंपनी वाचते. पण जिथून ते संगीत उगवले ती वस्ती आणि ज्यांनी ते वाजवले ते हात वाचतीलच असे नाही. मेम्फिसकडे ती एकी होती जी डेट्रॉइटकडे त्या रूपात नव्हती, आणि डेट्रॉइटकडे ते कागद होते जे मेम्फिसकडे नव्हते. या दोन गोष्टी एकत्र का येऊ शकल्या नाहीत, यावर आपल्या चर्चेने वेळ घालवायला हवा होता.

हा सगळा जुन्या काळाचा प्रश्न आहे, आता कलावंत मोबाइलवरून गाणे थेट जगापुढे ठेवतो, कंपनीची गरजच संपली, असे तरुण मित्र सांगतात. खोली स्वस्त झाली हे खरे आहे. आज कोणाच्याही बहिणीला टेपरेकॉर्डरसाठी घर गहाण ठेवावे लागत नाही. पण रस्ता? तो आज मूठभर स्ट्रीमिंग कंपन्यांच्या हातात आहे, आणि कुठले गाणे कोणाच्या कानापर्यंत जाईल हे ठरवणारी वही तर आता उघडून दाखवतही नाहीत. आणि करार न वाचता ‘मान्य आहे’ वर बोट ठेवणारे आपण सगळे जिम स्टुअर्टला कोणत्या तोंडाने हसणार? आपल्याकडेही हा झगडा नवा नाही. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकरांनी साठच्या दशकात भांडण मांडले, तेव्हा मोहम्मद रफींसारखा सहकारीही त्यांच्या विरुद्ध बाजूला होता. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाटा त्यांनी स्वतः लिहून द्यायचे म्हटले तरी सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. त्या तरतुदीमागे एक कबुली आहे: दुबळ्या बाजूची सही ही नेहमीच मोकळी सही नसते. ‘करार म्हणजे करार’ म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

अलीकडे टेलर स्विफ्ट या गायिकेने आपल्या जुन्या अल्बमांचे मास्टर दुसऱ्यांनी विकत घेतल्यावर त्यांतली बरीच गाणी नव्याने गाऊन मुद्रित केली, आणि २०२५ साली मूळ मास्टरही परत विकत घेतले. तिचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. पण तिच्या यशातून ‘कलावंताने जिद्द धरली तर सगळे परत मिळते’ असा धडा जेव्हा काढला जातो, तेव्हा मला १९६८ सालची ती खोली आठवते. स्टॅक्सने काय करायचे होते? त्यांच्याकडे बुकर होता, क्रॉपर होता, अल जॅक्सन होता, तीच जमीन होती, तोच ठोका होता. ओटिस रेडिंग पुन्हा गाऊ शकत नव्हता.

अटलांटिकने वितरित केलेली गाणी आजही वॉर्नरच्या छत्राखाली आहेत. १९६८ नंतरची गाणी १९७७ साली फँटसी या कंपनीने घेतली आणि २००४ साली फँटसी काँकॉर्डने घेतल्यावर ती तिकडे गेली. स्टॅक्स हे नावही आता त्यांचेच आहे. मॅकलमोर ॲव्हेन्यूवरील मूळ इमारत १९८९ साली पाडली गेली. ती जागा बरीच वर्षे मोकळी पडून होती. नंतर मेम्फिसच्याच लोकांनी पुढाकार घेऊन आधी वस्तीतल्या मुलांसाठी संगीताची शाळा सुरू केली आणि २००३ साली त्याच जागेवर संग्रहालय उभे केले. दर्शनी भाग जुन्या चित्रपटगृहासारखा आहे. आतल्या स्टुडिओची प्रतिकृती बांधताना जमीन सपाट केली तर काम सोपे आणि स्वस्त झाले असते. त्यांनी ती मूळच्यासारखी उतरतीच बांधली.